रस्त्यातल्या उंचवट्याखाली

मी एक जुना दगड आहे, मित्रांनो, आणि तुम्ही मला पाहिलेलं नाही, कारण तुमच्या गाड्या माझ्या डोक्यावरून जातात. अमेरिकेत, मिनेसोटातल्या होल्मडाल टाउनशिपच्या एका चौकात, खडीच्या रस्त्याखाली मी राहतो.

पूर्वी इथे उंच गवत होतं आणि ओढ्याच्या कलाने वळत जाणारी, इथल्या मूळच्या डकोटा लोकांची पायवाट होती. त्यांच्या हातून जमीन गेली आणि लोखंडी साखळ्या घेऊन मोजणीदार आले. त्यांना वळण म्हणून बघवत नसे. सहा मैल लांब, सहा मैल रुंद चौकोन आखून त्यांनी त्याचे छत्तीस तुकडे पाडले. तीच आमची टाउनशिप. माझ्या कडांना कोपरा कुठला ते सांगणाऱ्या खाचा पाडून मला एका तुकड्याच्या कोपऱ्यावर पुरलं. नॉर्वेहून आलेल्या माणसांनी माझ्यावरून शेतं मापली, रस्ता नेला, एका बाजूला सभागृह बांधलं, दुसऱ्या बाजूला दफनभूमी केली. तेव्हा माझा भाव काय विचारता! पुढे खडीवर खडी पडत गेली आणि सगळे मला विसरले.

एकोणीसशे बासष्ट साली एल्मर टोलेफसन हा तरुण रस्ता सपाट करणारा ग्रेडर चालवू लागला. पहिल्याच वसंतात त्याच्या पात्याने माझा टवका उडवला. तो खाली उतरला, खाचा पाहिल्या आणि त्याचा चेहरा पडला. सरकारी खुणेला धक्का लावणं म्हणजे गुन्हा. त्याने मला जागचं हलवलं नाही, खडीने झाकलं आणि कुणाला अवाक्षर सांगितलं नाही. त्यानंतर तेहेतीस वर्षं माझ्याजवळ आला की तो पातं उचलायचा, आणि तिथे उंचवटा राहून जायचा. एल्मरला त्या जागी डुलकी लागते, असं लोक म्हणत. टाउनशिपचा कारभार पाहणारी व्हर्ना हाऊगन दर मार्चच्या वार्षिक सभेत त्याला धारेवर धरायची, कारण विकायला नेलेली तिची अंडी तिथेच फुटायची. तो कॉफी पीत ऐकून घ्यायचा म्हणे. मला फार वाईट वाटायचं.

एल्मर निवृत्त झाला. नव्या माणसाने आजूबाजूला खडी ओतून रस्ता कसा छान सपाट केला आणि वाहवा मिळवली.

गेल्या वर्षी रस्ता रुंद करायचं ठरलं. मोजणीला आलेल्या डॅनाला मी सापडलो नाही, म्हणून तिने कुंपणाचा जुना खांबच कोपरा धरला. त्या मापाने रस्त्याकडेचा चर दफनभूमीच्या पहिल्या रांगेतून जात होता. तिथे व्हर्नाचं तीन दिवसांचं बाळ पुरलेलं होतं. थडगी हलवता येतील, असं डॅना हळूच म्हणाली. चराच्या खुणेसाठी डॅनाने ठोकलेल्या खुंट्यापाशी म्हातारी व्हर्ना जाऊन उभी राहिली.

तेवढ्यात फावडं घेऊन एल्मर आला. आता त्याचीही पाठ वाकली होती.

"खुंटा चुकलाय," तो म्हणाला. "खरा दगड रस्त्याखाली आहे. मी त्याला पातं मारलंय."

"कधी?" व्हर्नाने विचारलं.

"बासष्टला. लाजेने बोललो नाही कधी."

"म्हणजे तो उंचवटा..." व्हर्ना म्हणाली.

"दगडाला पुन्हा लागू नये म्हणून पातं उचलायचो."

"आणि मी तुला जन्मभर झोपाळू म्हणत आले. अरे, एकदा तरी बोलायचंस."

"तुझी अंडी फुटायचीच की," एल्मर म्हणाला.

दफनभूमीचा हातपंप आणि सभागृहाचं धुराडं एका रेषेत आलं की पातं उचलायचं, ही त्याची जुनी खूण; ती रेष धरून त्याने रस्त्याच्या मध्यावर खणायला सुरुवात केली. फावडं मला लागलं तेव्हा इतक्या वर्षांनी मी ऊन पाहिलं. डॅनाने खाचा मोजल्या, माझ्यापासून पुन्हा मापं घेतली. रस्ता पंधरा फूट पलीकडे सरकला. बाळ आपल्या जागी राहिलं.

आता माझ्यावर लोखंडी झाकण आहे. नवा माणूस माझ्याजवळ पातं उचलतो, त्यामुळे उंचवटा परत आला आहे. मित्रांनो, असा उंचवटा लागला, तर चालवणाऱ्याला नावं ठेवण्याआधी खाली कोण आहे ते विचारा. व्हर्ना इथे आली की गाडी हळू करते आणि अंड्यांच्या टोपलीवर एक हात ठेवते.