पाडव्याला लिहिलेला भाव

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पाटी आहे. जुनी म्हणा, हरकत नाही; पण मोडकी म्हणाल तर ऐकून घेणार नाही. माझी फळी जबलपूरच्या कारखान्यात तोफगोळे ठेवायच्या पेटीची आहे. लिलावात निघालेली ती पेटी आताच्या मालकीणबाई बेबीताईंच्या सासऱ्यांनी घरी आणली. एका फळीला रंधा मारला, काळा रंग दिला आणि जबलपूरच्याच गोरखपूर भागातल्या आपल्या खाणावळीत मला वाढपाच्या पातेल्यांवर टांगले. तेव्हापासून थाळीचा भाव मी सांगते.

गुढीपाडव्याला मला पुसायचे, खडूने भाव लिहायचा आणि पुढच्या पाडव्यापर्यंत हात लावायचा नाही, हा बेबीताईंच्या सासूबाईंचा नियम. नागपूरकडून बदलून आलेले कारकून, कारखान्यातली एकटी माणसे माझ्याकडे बघून महिन्याचा बेत आखत. त्यांच्या भरवशाचा मला गर्व होता. अजूनही आहे.

गेल्या पाडव्याला रेल्वेतून निवृत्त झालेले शैलेंद्रजी पुरणपोळीची वाट बघत मोठ्याने वर्तमानपत्र वाचत होते. रिझर्व्ह बँकेचे म्हणणे छापून आले होते. देशाचा गाडा बरा चालला आहे, महागाई कमी झाली आहे. पुढे जगातल्या लढायांचे, तेलाचे आणि समुद्रातल्या वाटांचेही काहीतरी होते. पण तेवढ्यात पोळ्या आल्या आणि ते पान शैलेंद्रजींच्या मांडीखाली गेले. आता भाव उतरणार, असे समजून बेबीताईंनी माझ्यावर जुनाच आकडा लिहिला. सत्तर रुपये.

भाव कसले उतरतात! पावसाळा संपेपर्यंत गोडेतेल चढले, गॅसची टाकी चढली, तूरडाळीने तर डोळेच वटारले. दिवाळीच्या तोंडावर खाणावळ बंद करायची पाळी आली.

“महागाई कमी झाली होती ना, शैलेंद्रजी?” बेबीताईंनी विचारले.

“झालीच होती, ताई. म्हणजे भाव हळू चढून राहिले होते. उतरले नव्हते. आणि बाहेर बिघडलं तर पुन्हा चढतील, हेही लिहिलं होतं.”

“मग तेव्हाच काहून नाही सांगितलं?”

“तुम्ही पोळी वाढली ना,” शैलेंद्रजी ओशाळून म्हणाले.

बेबीताईंची मुलगी ऋचा जवळच उभी होती. “आई, पाटीला हात नको लावू. वरण थोडं पतला कर ना. किसको पता चलेगा?”

मित्रांनो, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला कळणार होते ना! पातेल्यात पाणी आणि माझ्यावर सत्तर! इतकी वर्षे ज्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, त्यांना मी कोणत्या तोंडाने सामोरी जाणार होते?

बेबीताईंनी पाण्याचा तांब्या उचलला, पातेल्यावर नेला. माझ्याकडे पाहिले. मग तांब्या तोंडाला लावून अर्धे पाणी स्वतःच पिऊन टाकले. उरलेल्या पाण्यात फडके बुडवले आणि मला खसखसून पुसले. पाडवा नसताना पहिल्यांदाच! त्यांनी लिहिले, ‘ऐंशी रुपये. वरण घट्टच मिळेल.’

जेवायला आलेला कारखान्यातला अनुपम भडकला. “काकू, पाडव्याचा भाव आहे! बीचमध्ये कसा बदलता?”

“भाव बदलला, वरण नाही बदललं. पातळ पाहिजे असेल तर दुसरी खाणावळ बघ, बेटा.”

अनुपम उठला. त्याच्यामागे आणखी काहीजण उठले. बेबीताईंनी खडू पुन्हा हातात घेतला नाही. शैलेंद्रजी मात्र मांडी घालून बसले आणि म्हणाले, “मला वाढा.”

गेलेल्यांपैकी काहीजण परत आले, काही आलेच नाहीत. गॅस मात्र रोज पेटतो. बँकेचे म्हणणे छापून आले की बेबीताई आता बजावतात, “पोळ्या निवल्या तरी चालतील, शेवटपर्यंत वाचा!”

मित्रांनो, माझा रंग उडाला आहे, एक कोपराही झिजला आहे. कधी जमले तर मला रंगाचा एक हात द्या. नाही दिलात तरी मी इथेच टांगलेली राहीन. मला हजारदा पुसा, वाटेल तो आकडा लिहा. पण खाली वरण पातळ करून माझ्यावर जुना भाव ठेवलात, तर याद राखा, मी तोफगोळ्यांच्या पेटीची फळी आहे.