कुठले तेल कुठे

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. माझा रंग निळा आहे असे कागदपत्रे सांगतात; उन्हाने मात्र तो केव्हाच राखाडी करून टाकला आहे. कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझ्या इंजिनाला पातळ ऑइल मानवत असे. वय वाढले, भाग झिजले, तसे मिस्त्रींनी थोडे दाट ऑइल सुरू केले. म्हातारपणी माणसाचे पथ्य बदलते ना, तसेच.

माझी मालकीण नर्स. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरी जाऊन ती जखमा धुते, इंजेक्शने देते. मी बंद पडले तर कुणाची तरी मलमपट्टी राहते, हे मला ठाऊक होते. म्हणून थंडीतही मी पहिल्या चावीला सुरू होत असे. गाडी जुनी, पण गुणाची, असे शेजारी म्हणत.

पुढे तिची आई वारली आणि वडील तिच्याकडे राहायला आले. आयुष्यभर पायी टपाल वाटलेला माणूस. त्याला रिकामे बसणे जमेना. भाजी चिरायला घेतली की मुलगी म्हणे, राहू द्या. कपडे वाळत घातले की म्हणे, आराम करा. ती मायेनेच म्हणे, पण ते हिरमुसत. शेवटी त्यांनी मला धरले. रोज सकाळी अंग पुसायचे, काचा लख्ख करायच्या. इतके लाड तर माझे नवेपणीही झाले नव्हते.

एके सकाळी बॉनेट उघडल्यावर ब्रेकच्या तेलाची छोटी डबी त्यांना अर्धी रिकामी दिसली. फडताळात इंजिन ऑइलचा उरलेला डबा होता. तेल ते तेल, असा विचार करून त्यांनी डबी काठोकाठ भरली. मी ओरडले असते. पण मला हॉर्नशिवाय वाचा नाही, आणि तोही दुसऱ्याच्या हातात.

हळूहळू माझ्या ब्रेकची रबरे फुगली. चाके जड झाली, तापू लागली. मालकिणीला वाटले, टायरमध्ये हवा कमी असेल. एका दुपारी वडीलही तिच्याबरोबर होते. टेकडीवरच्या रुग्णाकडून परतताना उतारावर तिने ब्रेक दाबला आणि पाय थेट खाली गेला. पुढे चौकात शाळा नुकतीच सुटली होती.

तिने गिअर खाली आणला, मग आणखी खाली. हँडब्रेक जपून ओढत राहिली. माझे इंजिन किंचाळत होते, तरी मी दात घट्ट आवळून तिला साथ दिली. शेवटी तिने मला रस्त्याकडेच्या वाळूच्या ढिगात घातले आणि आम्ही थांबलो. मुले आमच्यासमोरून हसत रस्ता ओलांडत होती.

कुणाला खरचटलेही नाही. तिचे हात मात्र स्टिअरिंगवरून सुटेनात. वडिलांनी एकेक बोट सोडवले.

गॅरेजमध्ये मिस्त्रींनी डबीत बोट बुडवून चोळले आणि यात इंजिन ऑइल कुणी घातले, असे विचारले. मालकिणीने वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहिले. तिला सगळे कळले.

"मीच घातलं," ती म्हणाली. "घाईत होते."

वडील बाकावरून उठले. "ती मला सांभाळून घेतेय. मी घातलं. वाटलं, काहीतरी उपयोगी पडेन."

मिस्त्री रागावले नाहीत. ब्रेकला ब्रेकचेच तेल लागते, गिअरला गिअरचे. इंजिनाला कुठले, ते गाडीच्या पुस्तकात दिलेले असते, आणि नाही कळले तर विचारायला लाज कसली, एवढेच ते म्हणाले. मग त्यांनी माझी सगळी रबरे बदलली, नळ्या धुऊन काढल्या.

मी बरी झाले, पण वडील माझ्याकडे फिरकेनात. अंगावर धूळ साचू लागली. ब्रेकच्या दुखण्यापेक्षा मला तीच जास्त लागली. एका रविवारी मालकिणीने हात धरून त्यांना बाहेर आणले, बॉनेट उघडले आणि गाडीचे पुस्तक त्यांच्यापुढे धरले.

"बाबा, तुम्ही वाचा, मी ओतते. मला एकटीला नाही जमायचं."

चष्मा नाकावर सरकवून ते वाचू लागले. पहिली ओळ त्यांनी हळू वाचली, पुढच्या मोठ्याने.

मित्रांनो, माझ्यासारखीला अंदाजाने काही पाजू नका. डब्यावरचे वाचा, जाणत्याला विचारा. आणि घरातले कुणी मदत करताना चुकले, तर त्यांच्या हातचे काम काढून घेऊ नका; शेजारी उभे राहा. योग्य तेल मिळाले की मी पुन्हा धावते. माणसाला मात्र कुणीतरी हाक मारावी लागते.