दाराकडे तोंड

लकवा झाल्यापासून पारूबाईंना भेटायला औशाच्या घरी माणसांची रीघ लागली होती. पलंग भिंतीला लागून, आणि पारूबाई उजव्या कुशीवर, दाराकडे तोंड करून. उताणं झोपवलं की त्यांना धाप लागे. शिवाय येणाऱ्याला आजाऱ्याचं तोंड दिसलं पाहिजे, असा त्यांच्या मुलाचा, रामकिशनचा, आग्रह होता.

नवव्या दिवशी लातूरहून लुंबिनी आली. बी.एस्सी.नंतर तिने वृद्धांच्या शुश्रूषेचा कोर्स केला होता. पारूबाईंच्या उजव्या खुब्यावर तिला रुपयाएवढा लाल डाग दिसला. बोटाने दाबला की तो पांढरा होई. म्हणजे जखम अजून टाळता येणार होती. दर दोन तासांनी कूस बदलायचा तक्ता तिने भिंतीला चिकटवला आणि पारूबाईंना डाव्या कुशीवर, भिंतीकडे वळवलं.

ती हात धुऊन येईपर्यंत रामकिशनने आईला परत फिरवलं होतं. मुरुडचे पाहुणे आले होते.

"सिस्टर, दारात माणसं अन् आईची पाठ? लोक काय म्हनतील?"

लुंबिनीने त्याचंच बोट त्या डागावर ठेवलं आणि कातडी फाटली तर काय होतं ते सांगितलं. रामकिशनने स्वतःच आईला परत भिंतीकडे वळवलं. त्या दिवसापासून पाहुण्यांना पाठ दिसू लागली.

चार दिवसांत उजवा डाग फिकटला आणि डावा उमटला. पारूबाईंना भिंत आवडली होती. तिकडून कोणी हळहळत नव्हतं. फिरवायला गेलं की त्या चांगल्या हाताने पलंगाची दांडी घट्ट धरत. जबरदस्ती करायची नाही, हे कोर्समध्ये शिकवलेलं होतं.

आजींना कोण आवडतं, त्यांना बोलवा, असं लुंबिनीने सुचवलं. रामकिशनने बराच विचार केला.

"आवडतं असं कोनी न्हाई," म्हणाला, आणि रेणापूरच्या तारामतीआत्याला फोन लावला. त्याच्या लग्नातल्या मानापानावरून या नणंद-भावजयीत अकरा वर्षं अबोला होता.

दुपारी चारला आत्या आल्या. खुर्चीत बसल्या आणि दाराकडची पाठ बघून म्हणाल्या, अजून तशीच हाय म्हना की.

"सिस्टर, फिरव मला," पारूबाई म्हणाल्या. "हिच्या तोंडावर बोलायचंय."

लुंबिनीने वेळ लिहिली. सहा वाजले तेव्हा जुन्या भांडणात दोघी जेमतेम त्या लग्नाच्या हळदीपर्यंत पोचल्या होत्या, आणि पारूबाई भिंतीकडे वळायला तयार नव्हत्या. मग लुंबिनी आणि रामकिशनने पलंग भिंतीपासून ओढला आणि आत्यांना खुर्चीसकट पलीकडे नेलं.

पारूबाईंनी दांडी धरून तिकडे वळायला स्वतःच जोर लावला.