उजळणी वर्गातलं झेब्रा क्रॉसिंग

सिग्नल तोडणाऱ्यांच्या उजळणी वर्गात मी तिसऱ्यांदा गेलो, तेव्हाही ती म्हातारी वर्गातला रस्ता ओलांडतच होती. फळ्यासमोर फरशीवर झेब्रा क्रॉसिंग रंगवलेलं आहे. माझ्या पहिल्या वर्गाला ती दारापाशी होती, आता अर्ध्यावर आली होती. हातातली मेथीची जुडी अजून ताजी होती.

"आजी पलीकडे पोचल्या की वर्ग सुटेल," खरात मॅडम म्हणाल्या. "तोवर थांबायचं. एवढाच अभ्यासक्रम."

"आणि लेखी परीक्षा?" मी विचारलं. मागच्या दोन्ही वेळी मी तिच्यात पहिला आलो होतो.

"तुम्हाला सगळी उत्तरं येतात, सोहोनी. म्हणूनच ती बंद केली."

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं.

म्हातारी पाऊल टाकायची आणि खोली तेवढीच लांबायची. पलीकडची भिंत मागे जायची, मध्ये नवी खिडकी यायची. माझ्या शेजारचे टेम्पोवाले रफिकभाई मांडीवर हात ठेवून निमूट बसले होते. मला मात्र निघायचं होतं. कुठे, ते आठवत नव्हतं. घाई तेवढी होती.

माझी खुर्ची पुढे सरकली.

"साहेब, पाय उचला," रफिकभाई हळूच म्हणाले.

मी खाली पाहिलं. माझा उजवा पाय ॲक्सिलरेटर दाबावा तशी फरशी दाबत होता. उचलायला गेलो तर तो आणखी दाबला गेला. खुर्ची पहिल्या पांढऱ्या पट्ट्यावर चढली.

"मॅडम, मी मुद्दाम करत नाही."

"मुद्दाम कुणीच करत नाही," त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

म्हातारीनं मान वळवली. मला वाटलं, आता ओरडेल. पण तीच ओशाळली.

"जा बाबा, तू आधी जा. माझ्यामुळे तुझा खोळंबा होतोय."

माझी मान वर होईना. "नाही आजी, तुम्ही जा," असं म्हणता म्हणताच मी तिच्याजवळ पोचलो. ती लगबगीनं बाजूला व्हायला गेली आणि तिची चप्पल निसटली. सगळा वर्ग उठून उभा राहिला. खुर्ची तिच्या लुगड्याला टेकली.

ती रागावली नाही. चप्पल घालायला तिनं माझ्याच गुडघ्यावर हात टेकला आणि एका पायावर उभी राहिली.

"असाच थांब हं," ती म्हणाली.

त्या गुडघ्याखाली माझा पाय अजून फरशी दाबत होता.