पोळ्याचा पहिला मान

भुजंग मास्तरांच्या हाताखालून पुढे औरंगाबादच्या कॉलेजातली कितीतरी पोरं बास्केटबॉल शिकून निघाली. प्रत्येक नव्या पोराला मास्तर पहिल्या दिवशी एकच सांगत, "मैदानावर कुणी राव न्हाई, कुणी साहेब न्हाई." हे शहाणपण त्यांना फुकट मिळालेलं नव्हतं. परभणीत नोकरीवर गदा आली, त्या दिवशी ते मिळालं.

निजामाचं राज्य होतं. परभणीच्या एका हायस्कुलात भुजंग नवेच ड्रिल मास्तर म्हणून लागले होते. ताडकळसच्या बाजूचं धनगराचं पोर. हैदराबादेत कसरतीचं शिक्षण घेताना बास्केटबॉल शिकलं आणि ते वेड डोक्यात घेऊनच परतलं. "मला पोरं द्या, सुभ्याचा कप आणतो," असं त्यांनी लागल्या लागल्या हेडमास्तरांना सांगून टाकलं. माणूसच तसा. मेंढरू हरवलं तरी "सापडंल की" म्हणून आधी जेवून घेणारा. हेडमास्तर हैदराबादचे. ते हसून म्हणाले, "बहोत खूब. मगर कप नहीं, तो जगह भी नहीं."

जागा हंगामी होती आणि तीही आबासाहेबांच्या शब्दावर मिळालेली. आबासाहेब मास्तरांच्या गावचे पाटील. मास्तरांच्या बापानं जन्मभर त्यांच्याच रानात खतासाठी मेंढरं बसवली. आबासाहेबांचा मुलगा दिनकर याच शाळेत शिकत होता आणि संघाचा कप्तान होता. मिसरूड फुटायचं वय, पण बरोबरीची पोरं त्याला दिनकरराव म्हणत, आणि मास्तरही. बाकीच्यांना "अरे गाढवा, पळ की", आणि दिनकरला "दिनकरराव, जरा पळता का?" मास्तरांना यात काही वावगं वाटत नव्हतं. जन्माची सवय.

त्यांना खटकायचा तो संघातला येडबा. जिंतूरकडच्या मेंढपाळाचं हे पोर. नेम असा की चेंडूनं टोपलीची वाट पाठच केलेली. मामाच्या लग्नासाठी दिनकर मानवतला गेला, तेव्हा सबंध आठवडा येडबाचा एक चेंडू वाया गेला नाही. दिनकर परतला आणि येडबाचा हात आखडला. टोपलीखाली मोकळा उभा राहून चेंडू मागं फेकायचा. मास्तरांनी त्याला दूध पाजलं, जोर काढायला लावले, शिव्याही घातल्या. पालथ्या घड्यावर पाणी.

तरी संघ अंतिम सामन्यापर्यंत पोचला. समोर नांदेडची पोरं होती. मैदानाभोवती अर्धी परभणी लोटली होती आणि पुढच्या खुर्चीत पांढरा फेटा बांधून आबासाहेब बसले होते. दिनकरनं पहिलाच चेंडू टोपलीत टाकला. नांदेडची पोरं हुशार. त्यांनी लगेच त्याच्यावर दोन गडी लावले. तरी आपली पोरं चेंडू त्याच्याकडंच धाडत राहिली आणि तो हिसकावला जात राहिला. एकदा येडबा टोपलीखाली अगदी एकटा सापडला, हातात चेंडू. मास्तर उठून ओरडले, "दिनकररावांना दे!"

येडबानं मुकाट्यानं दिला. चेंडू गेला.

मास्तरांचं तोंड तसंच उघडं राहिलं. रोग पोराच्या हातात शोधत होतो आणि तो निघाला आपल्याच जिभेवर.

मध्यंतरात पोरं गोळा झाली. संघ मागं पडला होता. आबासाहेबांची खुर्ची हाकेच्या अंतरावर. नोकरीला निघताना आईनं, कासाबाईनं, बजावलं होतं, "आबासाहेबांचं मन मोडू नको, बाबा." मास्तरांना भीती वाटली, खोटं कशाला बोला. पण सामना हरला तरी जागा जाणारच होती. मग जिंकूनच जाऊ दे, असं त्यांनी ठरवलं.

"दिनकर, इकडं ये."

पोरांनी माना वर केल्या. एकदोघांनी खुर्चीकडं पाहिलं.

"नांदेडच्या त्या दोघांना संगं घेऊन तू कोपऱ्यात जायचं. टोपलीत बाकीचे टाकतील."

येडबा मान खाली घालून म्हणाला, "मास्तर, दिनकरराव असताना म्या कसा टाकू? बरं दिसंल का?"

"पोळ्याला तोरणाखालून पयली जोडी कुणाची जाती रे?"

"पाटलाची."

"आन् ती गेल्यावर बाकीची बैलं काय वेशीतच हुभी ऱ्हात्यात? दिनकरनं पयला चेंडू टाकलाय. मान झाला. आता गावाची बैलं जाऊ द्या."

सगळ्यांत आधी हसला तो दिनकर. "चला रे," म्हणाला आणि पळाला.

मग खेळ बदलला. दिनकर कोपऱ्यात जाई, ते दोन गडी त्याच्यामागं, आणि इकडं मैदान मोकळं. पोरं बुजत बुजत टाकू लागली, मग बुजणं विसरली. शेवटी एका गुणाचीच पिछाडी राहिली आणि चेंडू आला दिनकरकडंच, टोपलीजवळ. दोघं अंगावर. बाजूला येडबा मोकळा. दिनकरनं चेंडू त्याच्याकडं फेकला. "हाण, येडबा!" येडबानं सवयीनं एकदा खुर्चीकडं पाहिलं आणि हाणला. चेंडू टोपलीतून खाली पडला तशी शिट्टी झाली.

"मास्टर साब, जगह पक्की," हेडमास्तर पाठीवर थाप मारून गेले. मागून आबासाहेब आले. लोक आपसूक बाजूला सरले. मास्तर मात्र ताठ उभे राहिले.

"भुजंगा, माझ्या पोराला चारचौघात अरेतुरे केलंस."

"केलं, आबासाहेब. उद्या बी करीन."

आबासाहेबांनी मान वळवली. मैदानावर पोरांनी दिनकरला खाली पाडलं होतं, येडबा त्याच्या पाठीवर बसला होता, आणि दिनकर खदाखदा हसत शिव्या देत होता.

"गाडी जुपून तयार हाय," आबासाहेब हळूच म्हणाले. "मास्तर, तुमीच हाक मारा त्याला. म्या मारली तर सगळी पोरं बाजूला व्हतील."

मास्तरांनी हाक मारली नाही, पोरांचा दंगा चालू दिला. आबासाहेबही गाडी थांबवून तो बघत उभे राहिले.