कुरणातल्या पांढऱ्या फुलांवर माझा राग

मी एक जुनी कुदळ आहे, आणि मित्रांनो, मी रागावलेली आहे. म्हाताऱ्या माणसांसारखं गोड बोलणं मला जमणार नाही.

लोहाराने मला तापवून, ठोकून घडवलं. मग गावातल्या काकीने मला विकत घेतलं. काकीच्या पाच गाई होत्या आणि ओढ्याकाठी त्यांचं कुरण होतं. गवत असं दाट, की गाय बसली तर फक्त शिंगं दिसायची! काकी पाण्यासाठी चर खणायची, दगड काढायची, खुंट्यांसाठी खड्डे घ्यायची. सगळं माझ्याकडूनच.

एका कोरड्या वर्षी बाहेरून चाऱ्याची गाडी आली. त्या चाऱ्यातूनच गाजर गवताचं बी आलं. दिसायला कसं गरीब बिचारं! बारीक पानं, इवली पांढरी फुलं. पण एका झाडाला हजारो बिया, आणि ते जिथे पाय रोवतं तिथे चांगल्या गवताला उठूच देत नाही. भुकेल्या गाईने खाल्लं तर दूध कडू होतं, अंगावर चट्टे उठतात. माणसांनाही खाज आणि दमा. मेलं कुणाच्याच कामाचं नाही!

काकी मात्र वस्ताद होती. पाऊस पडून माती मऊ झाली, की नाकाला फडकं बांधून, हातमोजे घालून ती मला घेऊन निघायची. कळी धरायच्या आत प्रत्येक रोप मुळासकट बाहेर. सात वर्षं आम्ही दोघींनी त्याला कुंपणाजवळच्या पट्ट्यापुढे सरकू दिलं नाही. शेजारी म्हणायचे, "काकीचं कुरण बघा, कसं हिरवंगार!" तेव्हा माझी छाती फुगायची. काय खोटं बोलू?

मग काकीचा दमा वाढला आणि ती दोन महिने मुलीकडे राहायला गेली. कुरण पुतण्यावर सोपवलं. जाताना दहा वेळा बजावलं, "अरे, फुलायच्या आत काढ."

पुतण्या भला माणूस, पण मशीनवेडा. मला त्याने गोठ्याच्या कोपऱ्यात फेकलं. म्हणाला, "एकेक रोप कोण खणत बसणार? सगळं एकदम वाढू दे, एका दिवसात गवत कापायचं मशीन फिरवतो."

वाढू दे म्हणे! पट्टा पांढराशुभ्र फुलून बिया पिकल्या, तेव्हा साहेबांनी मशीन फिरवलं. वर तेच बियांनी माखलेलं मशीन, न झाडता न धुता, ओढ्याकाठच्या गवतातही फिरवून आणलं. काय तर म्हणे, "लगेहात तेही कापून घेतो." मी कोपऱ्यातून ओरडत होते. पण कुदळीचं ऐकतो कोण?

पुढच्या पावसात कुरणभर तेच उगवलं. रस्त्याने जाणारे लोक थांबून फोटो काढायचे. "अय्या, किती सुंदर!" सुंदर, डोंबल तुमचं! गाई कुंपणाशी उभ्या राहून हंबरत होत्या. परत आलेल्या काकीने चारा विकत घेऊन एकेक गाय जगवायचा प्रयत्न केला. तीन विकाव्या लागल्या. उरलेल्या दोघींचं दूध डेअरीने चव घेऊन परत पाठवलं. मग त्याही विकल्या. रिकाम्या गोठ्याच्या पायरीवर काकी बसून राहिली, तेव्हा पुतण्या खाली मान घालून आला.

"काकी, मी पुढच्या वर्षी मोठं मशीन आणतो."

काकीने मला उचललं आणि त्याच्या पायाशी आपटलं.

"मशीन नको. गाय आण. आणि आणलीस, तर तिला खायला काय घालणार ते आधी सांग."

त्याने मला उचललं.

आता तो रोज खणतो. हाताला फोड आलेत, येऊ देत. मातीत पडलेलं बी वर्षानुवर्षं उगवत राहतं, त्यामुळे माझं पातं संपेल पण हे काम संपायचं नाही.

मित्रांनो, तुमच्या आसपास असं रोप दिसलं, तर हातमोजे घालून, मोठ्यांना सोबत घेऊन आजच मुळासकट काढा. शेतात फिरून आलेली अवजारं धुवा. आणि "बघू नंतर" असं कुणी म्हणालंच, तर त्याला काकीच्या गोठ्यात घेऊन या. पाच खुंट्या आहेत, त्याला म्हणावं, गाई मोजून दाखव.