मॅडमचा पासवर्ड आणि मावशीचा फोन

मी एक जुना बटणांचा फोन आहे, मित्रांनो. माझ्या पाठीचं झाकण रबरबँडने बांधलेलं आहे आणि पाचाचं बटण दाबायला अंगठ्याचा चांगलाच जोर लागतो. तुमच्या घरातले चकचकीत फोन मला हसतील. हसोत बापडे! त्यांच्यावाचून कधी एकतीस मुलांचं अडलं होतं का, ते आधी त्यांना विचारा.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला, त्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते शिरूर कासारच्या बाजारातलं काचेचं कपाट. तिथून वच्छलाबाईंनी मला निवडलं. शिरूरजवळच्या एका गावात त्या शाळेची खिचडी शिजवायच्या. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण आकडे सगळे पक्के होते. लागणारे नंबर तोंडपाठ असायचे.

शाळेच्या मुख्याध्यापिका रोहिणी मॅडम. त्यांना कॉम्प्युटरवर शाळेचं एक सरकारी खातं उघडायचं होतं. स्वतःचा नंबर टाकला, तर तो आधीच दुसऱ्या खात्याला जोडलेला आहे, असं उत्तर आलं. मॅडम घाईत होत्या. स्वयंपाकघराच्या दारात येऊन त्यांनी विचारलं, "मावशी, तुमचा नंबर देऊ का?"

"द्या की," वच्छलाबाई म्हणाल्या. झालं! शाळेच्या खात्याची किल्ली माझ्याकडे आली. दर तीन महिन्यांनी त्या खात्याचा पासवर्ड संपे. नवा करायचा तर सहा आकड्यांचा ओटीपी माझ्यावर येई. "मावशी, आला का?" अशी हाक आली की वच्छलाबाई ओले हात पदराला पुसून एकेक आकडा वाचून दाखवत. "तुमच्यावाचून शाळेचं पान हलत नाही बघा," असं मॅडम म्हणत, तेव्हा मी उगाच फुगून जात असे.

मग ऑगस्टातला तो दिवस उजाडला. शाळेत तपासणीला साहेब आले होते आणि नेमका पासवर्ड संपला होता. स्वयंपाकघरात रेंज नव्हती, म्हणून वच्छलाबाई मला घेऊन मागच्या बांधावर गेल्या. ओटीपी यायला चांगली दहा-बारा मिनिटं लागली. नवा पासवर्ड झाला, पण इकडे खिचडी खाली लागली. साहेबांनी नाक मुरडलं. तेव्हा मॅडम सगळ्या मुलांदेखत म्हणाल्या, "अडाणी बाईच्या हाती स्वयंपाक दिला, हीच माझी चूक झाली."

वच्छलाबाई बांधावर कशाला गेल्या होत्या, हे मॅडमनी साहेबांना सांगितलं नाही. वच्छलाबाईंनीही सांगितलं नाही. मला तोंड असतं तर मी सांगितलं असतं. दुसऱ्या दिवशीच त्यांनी शाळेतलं काम सोडलं आणि हंगाम लागल्यावर मुलगा-सुनेबरोबर माजलगावकडे ऊसतोडीला गेल्या. मी त्यांच्या कमरेच्या पिशवीत होतो. चौथीतली नात आरोही तेवढी गावात, शेजारच्या चंद्रभागाबाईंकडे राहिली. ऊसतोडीला गेलेल्या घरांतल्या मुलांसाठी शाळेत हंगामी वसतिगृह निघणार होतं. ते निघालं की ती तिथे राहणार आणि तिचं वर्ष वाचणार, असं ठरलं होतं.

नोव्हेंबरातल्या एका दुपारी साडेतीनला मी उसाच्या फडात वाजलो. वच्छलाबाईंनी आकडे पाहिले आणि मला गप्प केलं. रोहिणी मॅडमचा नंबर होता. मी पुन्हा वाजलो, पुन्हा त्यांनी तेच केलं. मधल्या वेळात दोन ओटीपी येऊन पडले. दहा मिनिटं उलटली की ओटीपी नासतो. दोन्ही नासले. तिकडे काहीतरी अडलंय हे मला कळत होतं, पण करणार काय? बॅटरीची एकच रेघ उरली होती.

चारच्या सुमारास अनोळखी नंबर आला. तो त्यांनी उचलला.

"मावशी, शिरूरहून अमरनाथ बोलतोय, ऑनलाइन सेंटरवाला. तुमच्या फोनवर ओटीपी आला असंल, तेवढा सांगा."

"कावून सांगू? कुनालाबी ओटीपी सांगायचा न्हाई, असं मॅडमनीच पालकसभेत सांगितलंय. ठिवा फोन!"

"मावशी, थांबा, मी रोहिणी बोलतेय." मॅडमनी अमरनाथच्या हातातून फोन घेतला होता. "वसतिगृहाची यादी आज पाचच्या आत गेली पाहिजे आणि पासवर्ड संपलाय. आता एकदाच ओटीपी मागवता येईल, मग खातं उद्यापर्यंत बंद. यादीत एकतीस मुलं आहेत. तुमची आरोही आहे. चंद्रभागाबाईंची ऊसतोडीची टोळी उद्या सकाळी निघतेय. यादी गेली नाही तर पोरीला त्यांच्यासोबत फडात यावं लागेल."

वच्छलाबाईंनी आवाज ओळखला होता. माझ्याभोवती त्यांची मूठ घट्ट झाली, त्यावरून मला ते कळलं. तरी त्या म्हणाल्या, "आवाज कुनीबी काढतंय. खऱ्या मॅडम असाल तर सांगा, खिचडी लागलती त्या दिशी तुमी मला काय बोललात?"

पलीकडे अमरनाथच्या दुकानात थांबलेल्या गिऱ्हाइकांचं खोकणं ऐकू येत होतं. घड्याळ चार वाजून बारा मिनिटांवर गेलं होतं.

"अडाणी बाई म्हणाले होते," मॅडम हळूच म्हणाल्या. मग त्यांनी आवाज चढवला. सगळ्या दुकानाला ऐकू गेलं असेल. "आणि खिचडी माझ्याच ओटीपीपायी लागली होती, मावशी. तुम्ही माझ्याच कामाला बांधावर गेला होतात. साहेबांपुढे ते सांगायची माझी हिंमत झाली नाही. चूक माझी होती."

वच्छलाबाईंनी पदराने नाक पुसलं. "पाठवा," त्या म्हणाल्या. "लवकर पाठवा, मॅडम. पोरीला हितं यायला लावू नगा."

मला घेऊन त्या रिकाम्या ट्रॉलीवर चढल्या आणि हात उंच केला. एक मिनिट गेलं. चार गेली. रेंज येई आणि जाई. माझ्या अंगात किती त्राण उरलंय, ते माझं मलाच ठाऊक होतं. अखेर ओटीपी आला! त्यांनी खाली उतरून कोयत्याच्या टोकाने सहाही आकडे मातीत कोरले. तेवढ्यात मॅडमचा फोन आला. वच्छलाबाई वाचू लागल्या, "च्यार... शून्य... नऊ... नऊ... दोन..."

आणि मी विझलो. सहावा आकडा राहिला तो राहिलाच. इतकी वर्षं इमानाने काम केलं आणि ऐन वेळी कच खाल्ली, याची बोच मला आजही आहे.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरवाल्याने मला चार्जिंगला लावलं, तेव्हा माझे डोळे उघडले. टोळीतल्या तुळजाबाई त्याला कालची गोष्ट रंगवून सांगत होत्या. मी विझताच वच्छलाबाईंनी तुळजाबाईंच्याच हातातला फोन हिसकावला आणि त्यावरून मॅडमना लावला. कालपर्यंत ज्या बाईचा फोन त्या उचलत नव्हत्या, तिचा नंबर त्यांना अजून पाठ होता. मातीतला सहावा आकडा त्या फोनवरून वेळेत पोचला.

इतक्यात माझ्यावर दोन निरोप उतरले. पहिला, पासवर्ड बदलल्याचा. दुसरा, खात्याला जोडलेला मोबाइल नंबर बदलल्याचा. म्हणजे माझी नोकरी संपली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण झालं ते योग्यच झालं. मित्रांनो, कामाच्या खात्याला उसना नंबर देऊ नका. पासवर्ड कधी संपतो ते ध्यानात ठेवा. ओटीपी मागणाऱ्याला वच्छलाबाईंसारखं खडसावून विचारा. आणि ज्यांच्या हातांवर आपलं काम चालतं, त्यांचं नाव चारचौघांत घ्यायला लाजू नका.

त्या संध्याकाळी मॅडमचा फोन आला. वच्छलाबाईंनी तो पहिल्याच घंटीला उचलला.

"मावशी, यादी वेळेत गेली, आरोही वसतिगृहात आली. चंद्रभागाबाई तिला सोडून मगच निघाल्या. आणि शाळेसाठी नवा नंबर घेऊन तुमचा नंबर मी खात्यातून काढलाय. आता तुम्हाला माझा त्रास नाही."

वच्छलाबाईंनी मला दुसऱ्या कानाला लावलं.

"काडला ते ब्येस केलं," त्या म्हणाल्या. "पर फोन करीत जावा, मॅडम. काम नसलं तरीबी."